मेंदूतील जलमार्ग
इंदूर शहरास १९७८ साली नर्मदेचे पाणी मिळाले. मल्हारगंजसारख्या जुन्या वस्तीत पाणी आले, की नळ आणि निचरा दोन्ही चोख असावे लागतात. मेंदूचेही तसेच आहे. पेशीच्या आवरणातून पाणी नेणारे प्रथिन अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रे यांनी शोधले. त्याबद्दल त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक लाभले. मेंदूत ‘अ‍ॅक्वापोरिन-४’ हे प्रथिन रक्तवाहिन्यांना वेढणाऱ्या तारकापेशींवर असते. पक्षाघातानंतर आरंभी याच मार्गाने पेशींत पाणी शिरून सूज येते. पुढे साचलेल्या पाण्याचा निचराही याच मार्गाने होतो.

काही रुग्णांत शरीरातील प्रतिपिंडे या प्रथिनावरच हल्ला करतात. त्यामुळे डोळ्याची नस व मज्जारज्जू यांना इजा होते. डोळा दुखून दृष्टी मंदावणे, पाय लुळे पडणे, न थांबणारी उचकी वा उलटी ही त्याची लक्षणे होत. हे कारण २००५ साली उलगडले; आता बहुतेक रुग्णांचे निदान रक्ततपासणीने होते. ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ समजून दिलेली काही औषधे मात्र हा विकार बळावतात. म्हणून अशी लक्षणे दिसताच, ती आपोआप ओसरली तरीही, मज्जासंस्थेच्या तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला विनाविलंब घेणे हितावह आहे.