जोड गिअरपेटी : ओढ वाढते, वहनक्षमता नव्हे

वर्धा जिल्ह्यातील काळ्या जमिनीत पाऊस पडला की चारही चाकांना शक्ती पोहोचविणारी पिकअप गाडीसुद्धा मालासह रुतते. अशा वेळी वेगापेक्षा ओढ अधिक हवी असते. मुख्य गिअरपेटीमागे बसविलेली जोड गिअरपेटी हेच काम करते. जुन्या विलीज सीजे-३बी जीपमध्ये तिचे मंदगतीचे प्रमाण २.४६ होते. इंजिनाच्या फेऱ्या तेवढ्याच असता गाडीचा वेग सुमारे दोन-पंचमांश राही व चाकांची ओढ, घर्षणातील घट वगळता, जवळजवळ अडीचपट होई.

परंतु ही वाढलेली ओढ पुढील प्रत्येक भागास सोसावी लागते. म्हणून प्रथम प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल व ॲक्सल यांची ताकद जाणकार यंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी; अन्यथा ऐन चिखलात ॲक्सल तुटण्याचा धोका असतो.

बसविताना :
(१) पेटीस चासीचा भक्कम आधार द्यावा.
(२) शाफ्टची लांबी नव्याने जुळवून त्याचा तोल साधून घ्यावा.
(३) ठरलेले तेल योग्य पातळीपर्यंत भरावे व पहिल्या फेरीनंतर गळती पाहावी.

मंद गिअर गाडी थांबवून, क्लच दाबूनच टाकावा. असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंना एक गोष्ट आवर्जून सांगावी : ओढ वाढली म्हणून गाडीत जास्त माल भरू नये. स्प्रिंगा, टायर व ब्रेक पूर्वीचेच असतात.