समुद्रकाठचे खेळ आणि भरतीची पाऊणकी

दिवाळी झाली, शेतातली कामे जरा हलकी झाली, की आपल्या जुन्नर-आंबेगावची माणसे कोकणात निघतात. कोणी एस्टीने जातात. कोणी चार-पाच घरे मिळून गाडी करतात. अलिबाग, नागाव, मुरूड, हरिहरेश्वर, असे दोन दिवसांचे फिरणे होते. समुद्र आपल्याला अगदी परका नाही. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल नाणेघाट उतरूनच कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात होता. तेव्हाची माणसे पायी गेली. आपण बसून जातो, बसून खातो आणि बसूनच परत येतो.

कोणी म्हणेल, "गुरुजी, वर्षभर राबतो आम्ही. दोन दिवस बसलो तर काय बिघडलं?" बिघडत काही नाही. पण राबणे वेगळे आणि खेळणे वेगळे. खुरपणीत कंबर तासन् तास वाकलेली राहते. खेळात सगळे अंग मोकळे होते, आणि मनही. शिवाय तिथल्यासारखी जागा आपल्याकडे कुठे आहे? इथे खेळायचे म्हणजे ढेकळे, खडक, नाहीतर बांध. तिथे लांबच लांब सपाट वाळू. पडले तरी गुडघा सहसा फुटत नाही.

ही वाळू दोन प्रकारची असते. वरच्या बाजूची वाळू कोरडी आणि भुसभुशीत. तिच्यात पाय रुततो आणि पोटऱ्या लवकर भरून येतात. खालची वाळू ओली आणि घट्ट, शेणाने सारवलेल्या अंगणासारखी. खेळायला हीच चांगली. पण ती उघडी पडते ओहोटीला. म्हणून खेळायला जायचे तर ओहोटी केव्हा, हे आधी कळले पाहिजे.

चंद्राच्या ओढीने समुद्राचे पाणी वर चढते आणि खाली उतरते. सूर्याचीही ओढ असते, पण ती कमी. पाणी साधारण सहा तास चढते, ती भरती. मग सहा तास उतरते, ती ओहोटी. दिवसातून बहुधा दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते. यावरून कोकणातल्या लोकांनी एक सोपा हिशोब बसवला आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती.

ज्यांच्या घरी कोणी जुने शिकलेले असेल, त्यांनी पाऊणकी ऐकली असेल. चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा. (आता शाळेत पाऊणकी पाठ करून घेत नाहीत. मला विचाराल तर घ्यायला हवी.) समजा आज चतुर्थी आहे. चार पाऊण तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण होणार, पहाटेही आणि दुपारीही. त्यापुढे सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, आणि गावागावाला थोडा फरक पडतो. म्हणून आपला हिशोब तिथल्या माणसाला विचारून पक्का करावा.

यातून सहलीचा दिवसही ठरवता येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती अकरा-बाराला येते. म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. ऊन नाही, आणि वाळू सर्वांत रुंद उघडी पडलेली. खेळायला याहून चांगली वेळ नाही. मात्र याच दिवसांत उधाण असते. मुंबई-अलिबागकडे पाणी बारा-पंधरा फूट चढते. दुपारी पाण्यापासून लांब राहावे. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढते आणि कमी उतरते. पण तेव्हा ओहोटी भर दुपारी येते.

पाणी कमी चढते म्हणून अष्टमीला धोका नाही, असे मात्र समजू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल आली होती. दुपारनंतर मुले पाण्यात उतरली. १४ विद्यार्थी बुडून गेले. त्या दिवशी पौष वद्य अष्टमी होती. आठ पाऊण सहा. म्हणजे बाराला ओहोटी संपली आणि पाणी चढू लागले. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने चढते. दोन ते चार, हीच ती वेळ. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी छापलेली असते. वाचता येणाऱ्या माणसाला एवढे काढता येते.

आता खेळाकडे येऊ. रायगड जिल्ह्यात कबड्डीचे मोठे वेड आहे. अलिबाग, पेण, रोहा या भागांत गावोगाव संघ आहेत. आपण ज्याला हुतुतू म्हणत होतो, तोच हा खेळ. वाळूवरच्या कबड्डीला परदेशातही मान मिळाला आहे. २००८ साली इंडोनेशियातल्या बाली बेटावर आशियातल्या देशांचे समुद्रकाठचे खेळ पहिल्यांदा भरले. त्यांत ही कबड्डी होती. तिच्यात मैदानावर एका बाजूला सातऐवजी चारच गडी असतात. तेव्हा तुम्ही चौघे असलात तरी संघ झाला.

तिथली पोरे संध्याकाळी खेळत असली तर लांब उभे राहून बघत बसू नका. सरळ विचारा.

"दादा, आम्ही घोडेगावकडचे. एक डाव खेळू का तुमच्यात?"

"या की भाऊ! आमचे दोन गडी कमीच आहेत."

एवढ्यावर ओळख होते. पुढे उद्याची ओहोटी केव्हा, मासळी कुठे चांगली मिळेल, हे सगळे तेच सांगतात. मात्र जिथे जाळी पसरलेली असतात, मासळी वाळत घातलेली असते, तिथे खेळू नये. ते त्यांचे खळे आहे. आपल्या खळ्यावर कोणी चेंडू मारत आले तर आपल्याला चालेल का?

बायकांनीही नुसते पिशव्या सांभाळत बसू नये. लंगडी, खो-खो, फुगडी वाळूवर छान रंगते. खेळताना पदर खोचावा, चपला लांब ठेवाव्यात, आणि वाळूत काच किंवा शिंपल्याची धार नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी एकदम धावू नये. वाळूत दम लवकर लागतो. ज्यांना रक्तदाब किंवा साखर आहे, त्यांनी ओल्या वाळूवरून चालावे. साखर असलेल्यांनी पायात काहीतरी घालूनच चालावे, कारण जखम झाली तर त्यांना चटकन कळत नाही.

चालायला अलिबागचा कुलाबा किल्ला चांगला. आपल्या शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी १६८० साली तो बांधायला घेतला. पूर्ण ओहोटीला तिथे पायी जाता येते. पण पाणी वळायच्या आत परत निघावे. किल्ला पाहत रेंगाळले की अडकले. खाली दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे मच्छीमार बांधव रापण ओढतात, म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून मोठे जाळे दोरांनी खेचतात. त्यांनी हो म्हटले तर दोराला हात लावून पाहा. मोटेचे दिवस आठवतील.

पोहण्याविषयी मात्र कडक सांगतो. आपल्याकडची पोरे विहिरीत आणि धरणात शिकलेली, पट्टीची पोहणारी. पण विहिरीचे पाणी उभे असते, समुद्राचे चालते. लाटांनी आलेले पाणी काही ठिकाणी एका वाटेने जोरात आत परतते. तिथे लाटा फुटत नाहीत. पाणी शांत दिसते, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. ओढ सुटली की मग बाहेर या. पोहणे जमत नसेल तर उताणे तरंगा आणि हात वर करा. बाहेरच्याने मागोमाग उडी टाकू नये. दोर, रिकामा झाकणबंद कॅन, जे तरंगेल ते फेकावे आणि कोळ्यांना हाक मारावी. नेसत्या लुगड्याने किंवा दारू पिऊन कोणीही गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. आणि जीवरक्षक किंवा तिथला माणूस नको म्हणाला, तर वाद न घालता मागे फिरावे.

करून पाहा : अनंत चतुर्दशीला भरती किती वाजता? चौदा पाऊण साडेदहा. मग ओहोटी किती वाजता? आता कॅलेंडर काढा, येत्या रविवारची तिथी वाचा, आणि त्या दिवशी अलिबागला कबड्डी किती वाजता मांडता येईल, ते पाटीवर लिहून दाखवा.