ताईच्या कडेवरचे मूल

प्रस्तावना

तुमच्यापैकी कोणाची शाळा कामासाठी सुटली असेल, तर कोणाची शाळा दूर होती म्हणून सुटली असेल. काहींना मात्र धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी थांबावे लागले असेल. आई-वडील दोघेही कामावर आणि झोळीत लहान मूल. मग आठ-नऊ वर्षांच्या ताईने दप्तर खुंटीला अडकवले आणि भावाला कडेवर घेतले. ही गोष्ट इतक्या घरांत घडते की तिच्याविषयी कोणी फारसा विचार करीत नाही. या पाठात तो विचार केला आहे. मुले सांभाळणाऱ्या संस्था वयानुसार मुलांचे गट करतात. मुले मात्र भावंडांच्या जोडीने येतात. अशा वेळी काय करावे?

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही

१. मुलांचे वयानुसार गट का केले जातात, हे सांगू शकाल;
२. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यामागचा विचार स्पष्ट करू शकाल;
३. भावंडांना सामावून घेणारी व्यवस्था कशी असावी, याविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

बंगळूर शहराच्या पूर्वेला व्हाइटफील्ड नावाचा भाग आहे. १८८२ मध्ये डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने येथे अँग्लो-इंडियन कुटुंबांची छोटी वसाहत वसली. तिला त्यांचेच नाव मिळाले. पुढे शंभर वर्षे ते शांत खेडेच होते. १९९० नंतरच्या काळात संगणक उद्योग आला, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि देशभरातून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

या वस्तीत सकाळी दोन प्रकारची घरे एकाच वेळी जागी होतात. उंच इमारतीतील घरात आई-वडील दोघे कार्यालयात निघतात. मोठी मुलगी शाळेच्या बसमध्ये चढते, धाकट्याला पाळणाघरात पोहोचवतात. जवळच नवी इमारत बांधली जात असते. तेथील पत्र्याच्या खोलीतूनही आई-वडील दोघे कामाला निघतात. आई घमेले उचलते, वडील विटा रचतात. येथेही मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा आहे. फरक इतकाच की येथे धाकट्याचे पाळणाघर म्हणजे त्याची ताईच असते.

दोन्ही घरांपुढचा प्रश्न एकच आहे. वेगवेगळ्या वयांच्या भावंडांना दिवसभर कोठे ठेवायचे?

*वयाची रेघ*

मुलांचे वयानुसार गट करणे चुकीचे नाही. रांगते मूल हाती येईल ते तोंडात घालते. म्हणून मणी, खिळे, खडूचे तुकडे त्याच्यापासून दूर ठेवावे लागतात. चार वर्षांच्या मुलाला तेच मणी ओवायचे असतात. दहा वर्षांच्या मुलांना धावायचे असते, आणि त्यांच्या धावण्यात दुडदुडणारे मूल पायाखाली येऊ शकते. लहानांना दुपारची झोप हवी असते, मोठ्यांना गोंगाट. शिवाय तान्ह्या मुलांसाठी अधिक सांभाळणारी माणसे लागतात. सुरक्षितता आणि वाढ या दोन्ही दृष्टींनी ही रेघ उपयोगाची आहे.

हीच रेघ श्रीमंतांच्या सहलीतही दिसते. समुद्रावर कित्येक दिवस फिरणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांना क्रूझ म्हणतात. मुंबईहूनही २०२१ पासून एका भारतीय कंपनीच्या जहाजाच्या सफरी सुरू झाल्या. जगातील अशा अनेक जहाजांवर मुलांसाठी खेळघरे असतात. तीन ते पाच, सहा ते आठ, नऊ ते अकरा असे गट तेथे सामान्यपणे केलेले आढळतात. तीन वर्षांखालील मुलांची व्यवस्था निराळी असते.

आता पाच आणि सात वर्षांची भावंडे जहाजावर आली, तर दोघे दोन दालनांत जातात. अनोळखी जागी धाकटा रडू लागतो. पाचच्या मुलाला सातच्यांच्या गटात बसवले, तर तेथील खेळ त्याला झेपत नाहीत. म्हणून काही जहाजांवर मोठ्या भावंडाला खालच्या गटात येऊन बसू देतात. धाकट्याला वरच्या गटात सहसा पाठवीत नाहीत. जे खेळ लहानांसाठी सुरक्षित आहेत, ते मोठ्यांसाठीही असतात, असा त्यामागील सरळ हिशेब आहे.

परंतु या सोयीलाही एक किंमत आहे. मोठे मूल रोज खाली येऊन बसले, तर स्वतःच्या बरोबरीच्या मुलांत ते कधी खेळणार? त्यापेक्षा दिवसातील एखादा तास सर्व वयांच्या मुलांसाठी ठेवणे बरे. त्या वेळी भावंडे एकत्र खेळतात आणि पुन्हा आपापल्या गटात जातात. लहान मुलाला घेऊन जाण्यासाठी मात्र सहसा पालकांनीच यावे लागते. ती जबाबदारी त्याच्या बहिणीवर टाकत नाहीत. ताई खेळायला आली आहे, राखणीला नाही, हे त्या नियमात मान्य केलेले असते.

सहलीत हा प्रश्न चार दिवसांच्या आनंदाचा असतो. गरीब घरात तो मुलीच्या साऱ्या आयुष्याचा होतो. महाराष्ट्रात या प्रश्नाला हात घातला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी.

*कोसबाडची वाट*

१९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाचे कार्य ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने वाढवले होते. शहरातील मुलांसाठी चालणारे बालशिक्षण खेड्यात न्यावे, म्हणून त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले. बोर्डी हे आताच्या पालघर जिल्ह्यातील समुद्रकाठचे गाव. अनुताई तेथे त्यांच्या कार्यात सामील झाल्या. बालवाडी उघडली, तरी गरीब वस्तीतील मुले तिथवर येईनात. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हा शब्द पुढे देशभर नेला.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आले. येथील वारली कुटुंबांत आई-वडील रोजीरोटीसाठी दिवसभर बाहेर असत. मोठी मुले गुरे राखीत किंवा भावंडांना सांभाळीत. ‘मुलांना शाळेत पाठवा’ असे सांगून हा प्रश्न सुटणारा नव्हता. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत. आणि ज्यांच्या कडेवर भावंड होते, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडण्यात आली. या प्रयोगाचे नाव विकासवाडी.

या रचनेचे मर्म लक्षात घ्या. वयाची रेघ येथे पुसली गेली नाही. तान्ह्यांचा पाळणा वेगळा, बालवाडीचे खेळ वेगळे, शाळेचा फळा वेगळा. मात्र आवार एक झाले. ताईने भावाला घेऊनच घरून निघावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. तो जवळच आहे, हे ठाऊक असल्याने तिचे मन निर्धास्त राहते. सायंकाळी दोघांनी मिळून घरी जावे. मुलीला शाळेत आणायचे असेल, तर आधी तिच्या कडेवरचे ओझे उतरवून घेतले पाहिजे, हे या दोघींनी ओळखले.

*बांधकामावरील मुले*

१९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस ही संस्था सुरू केली. १९७२ मध्ये हे काम मुंबईतही पोहोचले. बांधकाम जिथे हलेल तिथे पाळणाघर न्यायचे, असा हा उपक्रम होता. येथेही तान्ही मुले, बालवाडीची मुले आणि सहा वर्षांपुढची मुले असे तीन विभाग एकाच जागी ठेवले गेले. मोठ्यांना जवळच्या शाळेत दाखल करण्याचा प्रयत्नही होत असे.

कायद्यानेही या मुलांची दखल घेतली. १९९६ च्या बांधकाम कामगारांविषयीच्या कायद्याने, पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोलीची तरतूद केली. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. कागदावर दोन्ही भावंडांची सोय झाली. पण एकाची सोय एका कायद्यात आणि दुसरीची दुसऱ्यात. लहान बांधकामावर स्त्रियांची संख्या पन्नासहून कमी असे. १९९६ च्या कायद्यानुसार तेथे पाळणाघर उघडण्याचे बंधन येत नसे आणि धाकटा पुन्हा ताईच्या कडेवर येई. मग तिचा शिक्षणाचा हक्कही कागदावरच राही.

व्हाइटफील्डसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण असते. रायचूर-यादगीरपासून थेट बिहार-ओडिशापर्यंतची कुटुंबे तेथे कामाला येतात. धाकट्याला नव्या जागेची भाषा कळत नाही. त्याला भूक लागली की झोप आली, हे सेविकेला सांगणारी त्याची ताईच असते. पहिले काही दिवस तिला त्याच्याजवळ बसू द्यावे, हे उचितच आहे. मात्र तो रुळताच तिला तिच्या वर्गात पाठवले पाहिजे. नाही तर मदतीसाठी बसलेली मुलगी कायमची मदतनीस होऊन बसते.

भावंडांची माया ही मोठी शक्ती आहे. तिच्या आधाराने लहान मूल अनोळखी जागी धीर धरते. परंतु त्या मायेवर भार टाकून मोठ्यांनी आपली जबाबदारी टाळू नये. धाकट्याला ताई हवी आहे. आणि ताईलाही तिचे बालपण हवे आहे. दोघांसाठी दोन खोल्या आणि मध्ये एक अंगण, एवढे जिथे असेल, तिथे दोघेही वाढतील.

शब्दार्थ

झोळी – मुलाला निजवण्यासाठी कापडाचा टांगलेला पाळणा
घमेले – माती, वाळू वाहण्याचे पसरट भांडे
कुरण – गुरे चारण्याची गवताळ जागा
आवार – कुंपणाच्या आतील जागा
मर्म – मुख्य गाभा
निर्धास्त – काळजी नसलेले

पाठगत प्रश्न

१. मोठ्या भावंडाला खालच्या गटात बसू देतात, पण धाकट्याला वरच्या गटात का पाठवीत नाहीत?
२. कुरणशाळा कोणत्या मुलांसाठी होती?
३. ‘विकासवाडी’त कोणत्या तीन गोष्टी एकत्र आणल्या गेल्या?

तुम्ही काय शिकलात

• वयानुसार गट करणे सुरक्षितता आणि वाढीसाठी आवश्यक असते.
• भावंडांना एका आवारात ठेवल्यास धाकट्याला धीर मिळतो आणि मोठ्याचे शिक्षण सुटत नाही.
• मोठे भावंड हे सोबती आहे. त्याला पालक करू नये.

स्वाध्याय

१. ‘आधी तिच्या कडेवरचे ओझे उतरवून घेतले पाहिजे’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. दोन कायदे असूनही मुलगी शाळेबाहेर कशी राहत असे, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. ‘कडेवर घेणे’ आणि ‘हात घालणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या वस्तीतील अंगणवाडी आणि शाळा यांच्या वेळा विचारून घ्या. भावंडांना त्या सोयीच्या आहेत का, याविषयी ग्रामपंचायतीला किंवा नगरसेवकांना पत्र लिहा.