हवामान बदल आणि सातबारा नसलेला माणूस

हवामान बदल हा विषय आम्ही अभ्यासासाठी निवडला तेव्हा आमच्यातीलच काही बांधवांनी शंका काढली. नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, जात पडताळणी असे प्रश्न समोर असताना हा विद्वानांचा विषय आपल्याला कशाला? शंका रास्त होती. परंतु राज्याच्या योजना वाचता वाचता आम्हांस दिसून आले, की हा प्रश्न फिरून फिरून जमिनीपाशी येतो. आणि जमिनीचा प्रश्न आपला नाही असे कोण म्हणेल?

केंद्र सरकारने २००८ साली हवामान बदलाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला व पुढे राज्यांनाही आपापले आराखडे करावयास सांगितले. महाराष्ट्राने अभ्यासाचे काम ‘टेरी’ या संस्थेकडे सोपविले. २०१४ च्या त्या अहवालात जिल्ह्यांची तुलना आहे. नंदुरबार सर्वांत अधिक असुरक्षित, सातारा सर्वांत कमी. नंदुरबारच्या आदिवासींच्या हलाखीबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे तसा माण तालुकाही आहे. जिल्ह्याची सरासरी काढली की माणचा शेतमजूर कृष्णाकाठच्या ऊसवाल्याच्या आड झाकला जातो. गावाचेही तेच. दुष्काळ एकच, पण बोअर असलेल्याचा वेगळा आणि हंडा घेऊन त्याच्या दारात उभे राहणारीचा वेगळा. तेव्हा अग्रक्रम ठरविताना जिल्ह्यांची यादी पुरत नाही, घरांची यादी लागते, असे आमचे मत झाले.

आता मदत कोणत्या मापाने मोजतात ते पाहू. गारपीट झाली की पंचनामा पिकाचा होतो आणि मदत हेक्टरी ठरते. ज्याच्या नावे हेक्टर नाही त्याची बुडालेली मजुरी कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. नाव मोठे उदार. पण मागणाऱ्याच्या नावे किमान ०.६० हेक्टर जमीन हवी, अशी अट होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून पाच हजारांवर गावांत राबविलेल्या ‘पोकरा’ प्रकल्पात भूमिहीनांसाठी शेळीपालनासारख्या बाबी ठेवल्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. तरी मुख्य भर ठिबक, शेडनेट, शेततळे यांवर, म्हणजे पुन्हा जमीनधारकावरच. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे त्यांच्याकडील वहितीचे क्षेत्र सुमारे ९ टक्के भरते. या दोन आकड्यांमधले अंतर योजनेच्या अर्जावर दिसत नाही, पण अर्ज फेटाळला जातो तो त्यामुळेच.

याउलट उदाहरणही याच राज्यात घडले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर वाढली व १९७७ साली तिचा कायदा झाला. तेथे सातबारा कोणी विचारला नाही. काम मागायला आलेला माणूस हीच पात्रता. पैसा कोठून आणला तेही पाहण्यासारखे आहे. १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरात पगार घेणाऱ्या भावाच्या पगारातून तो कापला जाई आणि गावाकडचा भाऊ नालाबांधावर माती वाही. पगारदारांत कुरकुर होती, आमच्या घरातही होती! परंतु ज्याला झळ अधिक त्याला आधी द्यावयाचे आणि ज्याला झेपते त्याच्याकडून घ्यावयाचे, हे तत्त्व त्या कायद्यात दिसते. शब्द मात्र हवामानाचा नव्हता.

आज सर्वांत मोठा प्रश्न सौर ऊर्जेच्या निमित्ताने उभा आहे. कोळशाची वीज कमी व्हावी, शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. हेतू चांगला आहे. चंद्रपूर, कोराडीची राख कोणाच्या छपरावर पडते हे आम्ही जाणतो. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे व दरवर्षी तीन टक्के वाढ, असे योजनेत ठरविले आहे. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने द्यावयाची आहे, आणि गायरान हे त्या सरकारी जमिनीतच मोडते. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाखांचे अनुदान आहे. गायरान कसणाऱ्याला काय, याचा स्तंभच नाही.

मराठवाड्यात गायरान म्हणजे नुसती चराऊ जमीन नव्हे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यामागे ही पडीक जमीन आपल्या माणसांनी फोडून कसावी हीच मागणी होती. दगड वेचून केलेली ती एकर-दोन एकर ज्वारी अनेक घरांनी, विशेषतः एकट्या पडलेल्या बायांनी, राखली आहे. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करावयाची ठरली. तरीही कित्येकांच्या नावावर आजवर काही चढलेले नाही. आता त्या जमिनीवर सौर पटल उभे राहिले, तर वीज जाणार मोटार असलेल्याकडे आणि जमीन जाणार मोटार नसलेल्याची. खाजगी मालकाला भाडे आणि याला नोटीस! हवामानाच्या नावाने केलेले काम असे विषम होऊ नये असे वाटत असेल तर क्रम बदलला पाहिजे: आधी पात्र कसणाऱ्यांची नावे लावावीत, मग उरलेली जमीन मोजावी; आणि जेथे कसणारा स्वखुशीने जागा देईल तेथे त्यालाही मालकाइतकेच भाडे मिळावे.

तोवर आपल्या हातचे काम असे. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते. तलाठ्याकडे (यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) लेखी अर्ज करून तिचा उतारा घ्यावा. त्यात १४ एप्रिल १९९० पूर्वीची नोंद आहे का ते पाहावे. नोंद सापडत नसेल तर वडिलांनी अतिक्रमणाबद्दल भरलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या घरात कोठे आहेत ते शोधावे. त्या काळी शिक्षा म्हणून भरलेला तो दंड आज कसवणुकीचा पुरावा म्हणून दाखविता येतो. जयंतीला गावी जाणाऱ्यांनी एवढे कागद पेटीतून काढून त्यांच्या झेरॉक्स करून आणाव्यात. पुढील अभ्यासवर्ग आम्ही त्यांवरच घेणार आहोत.