भूल देताना शिकलेलं

तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या नर्सिंग होम्समध्ये भूल द्यायला जाते, तेव्हा माझ्या बॅगेत प्रोपोफॉल हे भुलेचं इंजेक्शन असतंच. पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलेल्या जॉन ग्लेन यांनी ते आयसीआय कंपनीत शोधलं, 1986 मध्ये ते ब्रिटनमध्ये वापरात आलं आणि 2018 मध्ये ग्लेन यांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. औषध उत्तमच आहे. ते सुरक्षित ठेवणं मात्र देणाऱ्याच्या हातात असतं.

1. आधी तयारी, मग सुई. शिरेत गेल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस झोपतो आणि त्याच झटक्यात श्वासही थांबू शकतो. याला उतारा म्हणून दुसरं इंजेक्शन नाही. आपण श्वास देत राहायचा, हाच उपाय. म्हणून सिलिंडर उघडून ऑक्सिजनचा प्रवाह स्वतः पाहते, सक्शन चालू करून बघते, अंबू बॅग, लॅरिंगोस्कोप आणि ट्यूब उशाशी ठेवते. ‘शेजारच्या खोलीत आहे’ म्हणजे नाही, असंच मी धरते.

2. ‘उपाशी आहे’ एवढ्यावर थांबू नये. ‘काका, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?’ असं विचारलं की हळूच कळतं, ‘काही नाही हो, नुसता चहा. आणि दोन बिस्किटं.’ भुलेत घशाचा पहारा सुटतो आणि पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी साधं पाणी 2 तासांपर्यंत चालतं. दुधाचा चहा किंवा हलका आहार यानंतर 6 तास थांबायचं, तेलकट-जड जेवणानंतर 8. पेशंटवर मात्र ओरडू नये. एकावर ओरडलं की शेजारच्या खाटेवरचा खरं सांगत नाही.

3. डोस वजनावर ठरतो, पण वयाकडे बघून. निरोगी तरुणाला किलोमागे दीड ते अडीच मिलिग्रॅम लागतं. वयस्कर माणसाला 1 ते दीड, आणि तेही हळूहळू. म्हातारपणी रक्ताभिसरण मंद असतं, त्यामुळे परिणाम दिसायला वेळ लागतो. सर्जन हात धुऊन उभे असतात, आजींचे डोळे अजून उघडे असतात, आणि तेव्हाच ‘आणखी थोडं देऊ’ हा मोह होतो. तिथे थांबायचं. घाईत दिलेला जादा डोस मिनिटाभरात बीपी कोसळवतो. रक्तस्राव झालेल्या किंवा जुलाबांनी पाणी कमी झालेल्या पेशंटमध्ये हा धोका आणखी वाढतो. तिथे आधी सलाईन, मग भूल.

4. झोप लागली म्हणजे वेदना गेली असं नाही. प्रोपोफॉल वेदनाशामक नाही. त्याच्या जोडीला फेंटानिल किंवा जागा बधिर करणारं इंजेक्शन लागतं. शिवाय शिरेत जाताना ते चांगलंच चुरचुरतं. मोठी शीर निवडावी, थोडं लिग्नोकेन द्यावं आणि पेशंटला आधी सांगावं. आधी सांगितलेली आग माणूस सहन करतो.

5. उरलेलं जपून ठेवू नये. हे दुधासारखं पांढरं दिसतं, कारण त्यात सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन असतं. जंतूंना ते आयतं खाद्य. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या काही रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाचा माग काढला, तेव्हा तो हाताळताना दूषित झालेल्या प्रोपोफॉलपर्यंत पोचला होता. म्हणून एक वायल एकाच पेशंटला. रबरी बूच स्पिरिटने पुसायचं, सिरिंजमध्ये भरलेलं 6 तासांच्या आत वापरायचं, नाहीतर फेकायचं. ‘एवढं महाग औषध वाया जातं’ असं कुणी म्हटलं तरी फेकायचंच.

6. भूल देणाऱ्याला दुसरं काम नको. 25 जून 2009 रोजी मायकल जॅक्सन गेला, तो याच औषधाने. ते त्याला घरी, झोप येत नाही म्हणून दिलं जात होतं. देणारा डॉक्टर भूलतज्ज्ञ नव्हता आणि पुरेशी देखरेखही नव्हती. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की श्वास थांबल्यावरही पल्स ऑक्सिमीटरचा आकडा काही काळ 99 दाखवत राहतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफची रेषा मात्र लगेच सपाट होते. माझी नजर त्या रेषेवर आणि पेशंटच्या छातीवर असते. छाती हलतेय, पण मास्कवर वाफ धरत नाही, म्हणजे श्वासाची वाट अडली आहे. हनुवटी उचलली की बहुतेक वेळा ती मोकळी होते. पण ते दिसायला कुणीतरी बघत असावं लागतं.

7. जाग आली म्हणजे भूल पूर्ण उतरली असं नव्हे. एका डोसची झोप पाच-दहा मिनिटांत उतरते, माणूस बोलू लागतो, घरी जायची घाई करतो. 24 तास गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, हे मी सोबतच्या नातेवाइकालाही सांगते.

तुमच्या घरी कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर सर्जनबद्दल विचारताना हेही जरूर विचारा: भूल कोण देणार आहे, आणि पेशंट जागा होईपर्यंत त्याच्याजवळ कोण थांबणार आहे? हे विचारणं तुमचा हक्क आहे. उत्तर गोलमोल आलं, तर ते स्पष्ट होईपर्यंत संमतीपत्रावर सही करू नका.