डिस्चार्जनंतरचा खर्च कोणाचा?

आईला पक्षाघात झाला तेव्हा तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलेलं होतं. सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, 2024च्या ऑक्टोबरपासून ही सोय झाली. कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. रुग्णालय योजनेतलं होतं, आमचा एक रुपया लागला नाही. त्याची जाणीव मला कायम राहील.

पैशाची ओढाताण सुरू झाली ती तिला घरी आणल्यावर. उजवी बाजू लुळी, नाकातून नळी, दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसाची मावशी, रात्रीची मावशी, फिजिओ, डायपर, हवेची गादी. योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं, तपासण्या तिच्यात बसतात. सांभाळणारं माणूस बसत नाही. आणि पक्षाघाताचा रुग्ण अंथरुणावर वर्षानुवर्षं असू शकतो.

म्हणून सांगते, रुग्ण वॉर्डात असतानाच तयारीला लागा. नळीतून भरवणं, कूस बदलणं, पाठीवरची लाली वेळेत ओळखणं हे नर्ससमोर स्वतःच्या हातांनी करून बघा. घरातल्या पुरुषांनीसुद्धा, सगळं सुनेवर किंवा लेकीवर सोडू नका, ती मोडून पडते. पुढच्या औषधांचं आधीच विचारा. हालचाल परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा.

दरमहा मदतीचं म्हणाल, तर श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये आहेत, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. शेतमजुराचं घरसुद्धा त्या रेषेच्या वर जातं! जर्मनीत 1995पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. घरच्यांनीच सांभाळलं तरी त्यातून रोख रक्कम मिळते. आपल्याकडे हे मागायला हवं, आमदार-खासदारांना निवेदनं देऊन मागायला हवं. रुग्णालयाच्या खाटेसाठी सरकार पैसे देतं, तर घरच्या खाटेसाठी का नाही?

आणखी एक. खर्च वाढला की घर नावावर करून देण्याचा विषय निघतो. आईवडिलांनी बक्षीसपत्र करायचंच ठरवलं, तर ‘शेवटपर्यंत सांभाळ करीन’ ही अट दस्तातच लिहून घ्या. ती मोडली तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23खाली न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. तोंडी शब्दावर सही करू देऊ नका.