पंख्याची घरघर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या पंख्यावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण मिरजगावात माझ्या मामेभावाचे संगणकाचे दुकान आहे आणि कॉलेज सुटल्यावर मी तेथे बसतो. तेथे माझ्या हातून झालेल्या चुकीतून जे शिकलो, ते येथे मांडत आहे.

दुकानातील पाच संगणक एका स्विचला जोडलेले आहेत. हा स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. एका यंत्राकडून आलेली माहिती नेमक्या दुसऱ्या यंत्राकडे पोचवणारी ती पेटी होय. आमची पेटी जुनी, २४ पोर्टांची. तिच्या पाठीमागे ४० मिलिमीटरचा पंखा आतील गरम हवा बाहेर टाकतो. कर्जत तालुक्यातील ऊन आणि नगर-सोलापूर रस्त्याची धूळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या पंख्याचे हाल सांगायला नकोत.

मार्च २०२५ मध्ये तो आठवडाभर घरघरत होता. मी कानाडोळा केला. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तो थांबला आणि स्विच वारंवार बंद-चालू होऊ लागला. एक संगणक थेट मोडेमला जोडून काम रेटले. बाकीचे चार रिकामे, आणि रांग दारापर्यंत! एक मुलगी म्हणाली, "दादा, साडेपाचची एस.टी. शेवटची आहे." तिचा नंबर आलाच नाही. विलंब शुल्क मी देऊ केले, ते तिने घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी नगरहून पंखा आणला. तो फिरला, पण पेटीवरील लाल दिवा विझेना. कारण तो दोन तारांचा होता. मूळ पंख्याला तीन तारा होत्या : लाल आणि काळी विजेसाठी, तर पिवळी पंखा फिरत असल्याची खबर देण्यासाठी. ती खबर न मिळाल्याने स्विच पंखा बंदच समजत होता. तेव्हा नवा पंखा घेताना आकार, व्होल्ट (आमचा १२ चा) आणि तारा, तिन्ही जुळवावीत. चौकटीवर बाण असल्यास त्यावरून हवेची दिशाही पाहावी. पंखा उलटा बसला तर वारा उलटा वाहतो.

तीन तारांचा पंखा बसवूनही रोग गेला नाही. विद्युतपुरवठ्याच्या पट्टीवरील दोन कपॅसिटरांची डोकी फुगली होती. उष्णतेने त्यांच्यातील द्रव आटतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. मग व्होल्ट टिकत नाहीत आणि यंत्र पुन्हा पुन्हा सुरू होते. आम्ही सगळी पट्टीच बदलली. नव्या पट्टीचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा अधिक चालतात; जोडणीची धन-ऋण बाजू मात्र चुकता कामा नये.

एक इशारा. घरच्या २३० व्होल्टचे या पट्टीत सुमारे ३२५ व्होल्ट होऊन मोठ्या कपॅसिटरात साठतात. प्लग काढल्यावरही ते काही काळ तेथेच राहतात. म्हणून जाणकार सोबत असल्याखेरीज ही पट्टी उघडू नये.

थोडक्यात, पंखा स्वस्त, पट्टी महाग, आणि एखाद्याचा हुकलेला दिवस त्याहून महाग. आता दर महिन्याला मी पंख्याची धूळ ब्रशने काढतो, आणि घरघर कानी पडली की त्याच दिवशी पेटी उघडतो.